बियाण्याच्या वह्या

बेबीबाई भोयर नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. आधी त्याच्या मागे पाहत. मागे कोण उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, ते वर धरलंय की खाली, हे सगळं नीट बघून झालं की मग त्यांची नजर सावकाश समोरच्या माणसावर येई. पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा मला वाटलं, माझ्या मागे एखादं मारकं जनावर आलं की काय. मी वळून पाहिलं. मागे आमचा टेम्पो होता आणि टेम्पोत वह्या-दप्तरं होती.

"फोटोवाला कोठी ठेवला?" त्यांनी विचारलं.

"आणला नाही," मी म्हणाले.

"मंग मोबाईल असन."

मोबाईल होता. मी तो पर्समध्ये आणखी खाली ढकलला आणि मग माझाच मला राग आला. आपण मदत घेऊन आलोय, चोरी करायला नाही. पण बेबीबाईंपुढे उभं राहिलं की माणसाला आपण काहीतरी चोरून आणलंय असंच वाटायचं. पुढची दहा वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

त्या साली अल्लीपूरच्या पुढं, नदीकाठच्या एका गावात पूर शिरला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बेबीबाईंना ते चाललं नसतं. पाणी दोन दिवस गावात राहिलं आणि उतरताना वांग्या-मिरचीची वावरं, कोंबड्या, धान्याचे ढोले आणि शाळेतली झाडून सगळी पुस्तकं घेऊन गेलं. आम्ही वर्ध्यातल्या वेगवेगळ्या शाळांमधले सात शिक्षक. कुणाचा पक्ष नाही, संस्था नाही, पाटी नाही. आम्ही ठरवलं की एकदाच जाऊन कपडे वाटून यायचं नाही. त्या शाळेतली जी एकतीस मुलं आहेत त्यांना दहावी होईपर्यंत धरून ठेवायचं. वह्या, दप्तर, बूट, रेनकोट, आणि वर्षातून चार-पाच खेपा घालून अभ्यास. ठरवताना आम्हाला फार बरं वाटलं होतं. आमच्यातल्या साटोणे सरांनी तर सगळ्यांना पेढे दिले.

गावातली शाळा सातवीपर्यंत. बेबीबाई तिथे खिचडी शिजवायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, ठेंगणा बांधा, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि हात कोपरापर्यंत राखेने पांढरे. घरचं अर्धा एकर वावर होतं. त्यात वांगी आणि सांबार लावायच्या आणि बाजाराच्या दिवशी अल्लीपूरला जाऊन विकायच्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मुलं त्यांना बेबीमावशी म्हणत. मुख्याध्यापक बदलत, गुरुजी बदलत, बेबीमावशी तिथेच. त्यामुळे शाळा खरी कुणाच्या ताब्यात आहे हे कळायला मला अर्धा तासही लागला नाही.

"किती सालाची गोठ हाय?" त्यांनी टेम्पोकडे बोट करून विचारलं.

"दहावीपर्यंत," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

"कोनाच्या दहावीपर्यंत?" असं म्हणून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या एका बारक्या मुलीला दंडाला धरून पुढे ओढलं. "हे पूनम. यंदा पयलीत हाय. इची दहावी मोजा. दहा सालं होते. दहा सालं कोनी कोनाले भात वाढत नाई, मॅडम. सख्खा भाऊ नाई वाढत."

मी म्हणाले, "आम्ही वाढू."

"हाव," त्या म्हणाल्या. आमच्याकडे 'हाव' म्हणजे होकार. पण बेबीबाईंच्या तोंडी तो शब्द ऐकला की आपल्याला नकार मिळालाय हे पक्कं कळायचं.

मग त्यांनी मला स्वयंपाकाच्या खोलीत नेलं. भिंतीला तीन खिळे होते आणि तिन्ही खिळ्यांना फाटकी दप्तरं लटकलेली. या नदीला पूर काही पहिल्यांदा आलेला नव्हता. प्रत्येक पुरानंतर कुणी ना कुणी आलं होतं, आणि ज्यांनी त्यांनी आपापलं नाव दप्तरावर ठसठशीत छापून घेतलं होतं. "याइची चेन पंधरा दिवसात गेली. याइचे बंद गेले. अन् याइनं दप्तरं दिली तं पोट्ट्याइले आधी टाळ्या वाजवाले शिकवलं." ज्या फडक्याने त्या खिचडीचा गरम गंज चुलीवरून उतरवत होत्या, त्यावरही एका दात्याच्या नावाची तीन अक्षरं शिल्लक होती.

आमच्या दप्तरांवर नाव नव्हतं. मी ते आवर्जून दाखवलं. बेबीबाईंनी दप्तर उलटंपालटं केलं, शिवण ताणून पाहिली, आणि म्हणाल्या, "नाव नाई म्हंजे उद्या कोनाले धराचं?"

या बाईपुढे जिंकायची सोयच नव्हती.

पहिल्या वर्षी आम्ही बूट अंदाजाने नेले. वय सहा तर हा नंबर, वय दहा तर तो नंबर, असं शहरी गणित. निम्म्या मुलांना बसले नाहीत. अनवाणी चालणाऱ्या मुलांचे पाय रुंद असतात हे सात शिक्षकांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. बेबीबाई नुसत्या मुलांच्या पायांकडे बघत राहिल्या. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात माझ्या घरी एक पुडकं आलं. अल्लीपूरच्या एका भाजीवालीने आणून दिलं. आत सुतळीचे एकतीस तुकडे, प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मुलाचं नाव. टाचेपासून अंगठ्यापर्यंत लांबी, आणि मध्ये जिथे गाठ तिथपर्यंत रुंदी. बेबीबाईंना लिहिता येत नव्हतं, नावं कुठल्या तरी मोठ्या मुलाकडून लिहून घेतली होती. मी ती सुतळी घेऊन दुकानात गेले. एकतीसच्या एकतीस बूट बसले. मी आनंदाने सांगायला गेले तर म्हणाल्या, "पाय वाढते, मॅडम. सुतळी दर साली नवी लागन. तुमी याल त्या साली धाडीन."

'याल त्या साली.' असं त्यांचं बोलणं. सरळ कधी नाही म्हणायच्या नाहीत, पण वाक्यात कुठेतरी एक दार आम्हाला जायला उघडं ठेवलेलं असायचं.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. त्या दिवशी आमच्याकडे मारबत काढतात. सकाळी सकाळी घरातला केरकचरा, रोगराई ओरडून ओरडून गावाबाहेर घालवायची. मी रेनकोटांचं गाठोडं घेऊन उतरले तेव्हा बायकापोरांचा घोळका वेशीकडे येत होता आणि सगळ्यांच्या पुढे बेबीबाई. "माशा-मच्छर घेऊन जा गे मारबत! खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मला पाहिलं आणि त्यांनी आवाज चढवला, "फोटोवाले-वादेवाले घेऊन जा गे मारबत!" अख्खा घोळका हसला. मी गाठोडं घेऊन तिथेच उभी.

घोळका पुढे गेल्यावर त्या मागे थांबल्या. "तुमाले नाई म्हनलं," त्या म्हणाल्या. "तुमी अजून गेल्या नाई नं." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

आता माझ्या संशयाचं सांगते. तो त्यांच्या संशयाइतका चांगला नव्हता.

आम्ही प्रत्येक मुलाला वर्षाच्या सुरुवातीला बारा वह्या द्यायचो. चौथ्या वर्षी अभ्यास घेताना मी पूनमला म्हटलं, सगळ्या वह्या काढ. तिने अकरा काढल्या. बारावी कुठे म्हटलं तर तिने बेबीबाईंच्या खोलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या मुलाला विचारलं, अकरा. तिसऱ्याला, अकरा. मी आणखी विचारलं नाही.

वर्ध्याला येऊन साटोणे सरांना सांगितलं. ते जणू वाटच पाहत होते. "तरी मी म्हणत होतो, ती बाई इतकी बारकाईने सगळं तपासते ते कशासाठी! तिची मुलगी जामला टपरी चालवते. हायवेवरचं गाव, येणारे-जाणारे हजार. तिथे विकत असणार." जामचं ऐकून मला पटलं. जामच्या चौकात काय विकत नाही! आणि खरं सांगायचं तर मला पटायचंच होतं. जी बाई चार वर्षं आपल्याकडे चोरासारखं पाहते तीच चोर निघावी, याच्यासारखं समाधान नाही. एकतीस मुलांच्या वह्या गेल्याचं दुःख मला त्या समाधानापेक्षा कमी झालं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी हिंगणघाटला बहिणीकडे गेले होते. तिथून नागपूरच्या बसमध्ये बसले आणि जामला उतरले. चौकातल्या चार टपऱ्या सोडून पाचवी बेबीबाईंच्या मुलीची, छायाची. पोहे-तर्री, आलुबोंडा, चहा. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई, आईसारखाच ठेंगणा बांधा. मी चहा मागितला आणि बाकावर बसून टपरीत कुठे काय ठेवलंय ते न्याहाळू लागले. वरच्या फळीवर बिस्किटांचे डबे. त्यामागे एक पत्र्याची पेटी. पेटीवर खताची प्लास्टिकची थैली घट्ट बांधलेली.

छायाने चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. "तुमी वर्ध्याच्या मॅडम हाय नं?"

मी दचकले. "तुला कसं कळलं?"

"आई म्हने, एक दिवस येतीन. चहा घेतीन अन् इकडेतिकडे पाहतीन." मग तिने स्टुलावर चढून ती पेटी खाली काढली, गाठ सोडली, आणि झाकण उघडून माझ्यापुढे सरकवली. "पाहून घ्या. मोजून घ्या."

पेटीत वह्या होत्या. हिरव्या पुठ्ठ्याच्या, पहिल्या वर्षाच्या. निळ्या, दुसऱ्या वर्षाच्या. मग तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक वर्षाची चळत वेगळी, सुताने बांधलेली. एकही पान फाटलेलं नाही, एकही अक्षर लिहिलेलं नाही. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकलेला, कसर लागू नये म्हणून.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"तुमी येनं बंद कराल त्या सालासाठी," छाया म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. उद्या पाऊस येईल म्हणून सरपण आत घेतलं, असं सांगावं तसं तिने सांगितलं. "वांग्याच्या वाफ्यात एक वांगं आपन बियाचं म्हनून ठेवतो न, चिंधी बांधून. थे कोनी तोडत नाई. पाव्हना आला तरी तोडत नाई. आईनं तुमच्या वह्याइतलं बियानं काढून ठेवलं. गावात ठेवलं तं पुरात जाते. जाम उंचावर हाय."

मग तिने आपलं सांगितलं. गिऱ्हाइकं सांभाळत, तुकड्यातुकड्याने. ती तेरा वर्षांची होती तेव्हाही असाच पूर आला होता. शहरातून काही लोक आले. गावातल्या हुशार मुली निवडल्या, शिक्षणाचा सगळा भार उचलतो म्हणाले, शहरातल्या वसतिगृहात नेऊन ठेवल्या. दोन वर्षं सगळं छान. छायाचा वर्गात तिसरा नंबर. मग एका दिवाळीला मुली घरी आल्या आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. बेबीबाई दोन वेळा शहरात गेल्या. वसतिगृहाला कुलूप. शाळेतून दाखला मिळेना, कारण नाव घालताना ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांचीच सही हवी होती. नववीचं अर्धं वर्ष गेलं, मग पूर्ण गेलं. पुढच्या वैशाखात लग्न.

"वाईट लोकं नोते," छाया म्हणाली. "चांगलेच होते. जीव लावे. आईले त्याचाच राग होता. म्हने, वाईट असते तं मी पाठोलंच नसतं."

माझा चहा निवला होता. तो मी तसाच प्यायले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ गावात गेले. रागावले होते, आणि शरमलेही होते, आणि शरमेपेक्षा राग बोलायला सोपा असतो. "तुम्ही मला विचारायचं होतं," मी म्हणाले. "मुलांच्या वह्या परस्पर काढून घेता!"

बेबीबाई गंज घासत होत्या. "विचारलं असतं तं तुमी का म्हनलं असतं? 'आम्ही येऊच.' सारे तेच म्हनते."

"पण मग माझ्यावर चार वर्षांत जरासुद्धा विश्वास नाही?"

"तुमाले कोठी होता माह्यावर? जामले का आलुबोंडा खाले गेलत्या?" त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "तुमी माह्यावर शक घेतला, मी तुमच्यावर. फिटंफाट. आता बसा, चहा मांडते."

त्यानंतर मी शहाणपणा केला. पुढच्या वर्षी बाराऐवजी तेरा वह्या नेल्या. म्हटलं, ही एक जास्तीची, पेटीसाठी. बेबीबाईंनी त्या मोजून घेतल्या. "जास्तीची आनली म्हंजे तुमाले आपलाच भरोसा नाई," त्या म्हणाल्या, आणि दोन काढून ठेवल्या.

आणि भरोसा खरंच नव्हता, हे लवकरच कळलं. टाळेबंदीचं साल आलं. शाळा बंद. आम्ही सातजण फोनवर बोललो आणि अगदी सहज, एकमताने, या वर्षी वह्या नेण्याचा प्रश्नच येत नाही असं ठरवलं. शाळाच बंद, तर वह्या कशाला? आम्ही शिक्षक होतो म्हणूनच असं चुकलो. आमच्या हिशेबी शाळा म्हणजे इमारत, घंटा आणि हजेरी. ते नाही तर मुलं जणू मुलंच नाहीत. गुरुजी मोबाईलवर अभ्यास पाठवतात, गावात तीन-चार घरीच तसला मोबाईल आहे, बाकीच्या मुलांना तो उतरवून घ्यायला उलट जास्तच कागद लागणार, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. जून गेला, जुलै गेला. मला रुखरुख होती. पण एसटी बंद, सर्वत्र आजार, माझी आई घरात म्हातारी. कारणं होती. कारणं चांगलीच असतात.

दिवाळीनंतर गेले. तोंडाला फडकं, मनात भाषण तयार. शाळेला कुलूप होतं, पण स्वयंपाकाच्या खोलीच्या ओट्यावर मुलं बसलेली दिसली. अंतराअंतरावर, चुन्याच्या रेघा मारून. मोठी धाकट्यांना गणित सांगत होती. बेबीबाई चुलीशी. शिजवायचं बंद होतं, शिधा घरोघरी वाटायचा होता, तरी त्या तिथेच. मी पूनमच्या मागे जाऊन उभी राहिले. तिच्या मांडीवर हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. आमच्या पहिल्या वर्षाची.

दूधवाल्याच्या गाडीत घालून छायाने पेटी गावात धाडली होती, जूनमध्येच. शाळा नेहमी ज्या तारखेला उघडते त्या तारखेला बेबीबाईंनी वह्या वाटल्या होत्या.

माझं भाषण मी गिळलं. ओट्याच्या कडेला बसले आणि मला रडू आलं, अगदी मुलांसमोर. बेबीबाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "यंदाचं भागलं. पेटी रिकामी झाली. पुढच्या सालचं माह्यापाशी काईच नाई."

तेवढंच. पण त्यानंतर आमचं एकही वर्ष चुकलं नाही, आणि रिकामी पेटी पुन्हा जामला गेली. सातातले दोघे बदलून गेले, एक करोनात गेले, साटोणे सरांनी 'आता सरकार सगळं देतं, आपण सन्मानाने समारोप करू' असं दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा मला जामची ती रिकामी पेटी दिसली आणि मी म्हटलं, समारोप करायचा तर तुम्ही स्वतः जाऊन बेबीबाईंना सांगा. ते गेले नाहीत. समारोप झाला नाही. मुलं सातवी होऊन अल्लीपूरच्या शाळेत जाऊ लागली तेव्हाही सुतळीचं पुडकं दर मे महिन्यात येत राहिलं. एकतिसातली चार गळाली. दोघांना बापाने कामाला लावलं, दोन मुली लग्न होऊन गेल्या. त्या चौघांची नावं बेबीबाई मला दर भेटीत ऐकवत, न चुकता, आणि मी ऐकून घेत असे. मी मनाशी कबूल करून टाकलं होतं, की या बाईने आमच्यावर विश्वास टाकला असता तर आम्ही तिसऱ्या वर्षीच थांबलो असतो. कौतुक करणाऱ्यांना फसवणं सोपं असतं.

दहाव्या वर्षी, पूनम दहावीत असताना, बेबीबाईंना अर्धांगाचा झटका आला. वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. मी रोज शाळा सुटल्यावर जायची. उजवी बाजू गेली होती, बोलणं अडखळायचं. पण मी वॉर्डात शिरले की नजर आधी माझ्या मागे जायची. एका संध्याकाळी मी म्हटलं, "बेबीबाई, आता तरी सांगा. आम्ही टिकलो ना?"

जीभ वळत नव्हती. "परीक्षा... फाल्गुनात हाय," त्या म्हणाल्या. "आता... पूस नोको."

पूनमची परीक्षा सुरू व्हायला नऊ दिवस असताना त्या गेल्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता. मला त्याचा अजून राग येतो, आणि त्यांची आठवण आली की पहिल्यांदा हा रागच येतो, मग डोळे भरतात.

पूनम पास झाली. निकाल लागला त्या दिवशी मी जामला गेले, छायाला सांगायला. तिने गल्ल्यावरच्या आईच्या फोटोला हात जोडले आणि मला पोहे दिले. मी पेटीचं विचारलं. त्यात काही राहिलं असेल तर गावातल्या नव्या मुलांना देऊ, म्हटलं.

"काईच नाई," छाया म्हणाली. "आईनं दोन सालापासून काई आनून ठेवलंच नाई."

"का गं?"

"मले का माईत? गुडघे दुखे तिचे. यष्टीत चढनं होत नोतं."

मला दुसरं उत्तर हवं होतं. पण बेबीबाईंच्या हाताखाली दहा वर्षं काढलेल्या बाईने पुराव्याशिवाय गोड गोष्ट मानू नये. मी पोहे संपवले. उठले तेव्हा छाया हात पुसत जवळ आली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, थो सतरा नंबरचा फॉर्म असते न, बाहेरून दहावीचा? थो माह्यासारखीले भरता येते का?"

'हो' अगदी ओठावर आलं होतं. मी ते तिथेच धरलं. म्हटलं, "विचारून येते. गुरुवारी सांगते." छायाने मान हलवली. तिला ते बरं वाटलेलं दिसलं.

गुरुवारी मी सगळी माहिती काढून गेले. फॉर्म आता संगणकावर भरतात, पण आधी सगळं कागदावर लिहून घेतलेलं बरं. जुना दाखला नसला तर प्रतिज्ञापत्र चालतं. त्याचा नमुना मी घेऊन गेले होते. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. छायाने बाक पुसून कोरडा केला आणि नवीन पेन काढलं. नाव लिहिलं. आईचं नाव लिहिलं. शेवटची शाळा, शेवटची इयत्ता. अक्षर अजून नववीतल्या मुलीचं, गोल गोल, रेघेला धरून. मग ती थांबली.

"अठी 'शाळा सोडल्याचे कारण' लिवलं हाय. का लिहू?"

मी म्हणाले, "पूर लिही."

"पूर तं दोन सालाआधीच ओसरला होता, मॅडम," ती म्हणाली.

हायवेवरून दोन ट्रक गेले. छायाने पेन उचललं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत, त्या रकान्यात लिहिलं: ज्यांनी नेलं ते परत आले नाही.

त्या रकान्यात साधारणपणे 'घरगुती अडचण' असं लिहितात. मी तिला ते खोडायला सांगितलं नाही.